काहिलीतला मुराळी

ऋतुजाला पहिल्या दिवशी पाण्याला पायसुद्धा लावू दिला नाही. ऋतुजा म्हणजे माझी नात. पुण्यात नोकरी करते आणि साठवलेली रजा घेऊन सध्या कोकणात समुद्रावर काइटसर्फिंग शिकायला गेली आहे. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला आभाळात बैलगाडीवरच्या ताडपत्रीएवढा पतंग; तो ओढेल तिकडे आपण पाण्यावरून सरकायचं. संध्याकाळी तिचा फोन आला तो फुरंगटलेलाच. "आबा, दिवसभर वाळूत उभं केलं. हातात एवढासा पतंग दिला आणि शिकवलं काय, तर सोडायला! धरायचं कसं ते उद्या म्हणे. आधी सोडायला शिका."

"तुझा मास्तर शहाणा आहे," मी म्हणालो. "मला असा कोणी भेटला असता तर माझ्या गुडघ्यावरची ही खूण नसती."

"तुम्हाला? तुम्हाला काय माहिती यातलं?"

"तुझ्या मास्तरच्या जन्माआधी मी कृष्णा ओलांडली आहे, पतंगावर. फळी नव्हती, म्हणून गुळाची काहील घेतली होती."

पलीकडून काळजीच्या सुरात, "आबा, गोळ्या वेळेवर घेताय ना?" म्हणजे पोरीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणून हे लिहायला बसलो. अक्राळविक्राळ मूर्खपणाची सुद्धा एक नोंद असावी माणसाची, आणि ती दुसऱ्या कोणी करण्याआधी आपण करावी.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या पश्चिम काठावर. घरात तात्या, आई, माझी थोरली बहीण अक्का आणि मी. ऊस होता, उसामागे गुऱ्हाळ होतं आणि गुऱ्हाळामागे आमचं सगळं वर्ष. हिवाळाभर रस उकळायचा, मळीचा आणि गुळाचा वास केसांत जाऊन बसायचा, शाळेत माझ्या बाकावर मुंग्या यायच्या. गुऱ्हाळ संपलं की ती भली थोरली काहील राखेनं घासून आंब्याखाली पालथी घालायचे. चार माणसं पाय पसरून बसतील एवढी ती ऐसपैस कढई, कडेला चार कड्या. पावसाळ्यात ती पुन्हा सुलटी व्हायची, पण गुळासाठी नाही. नदीला पाणी चढून नाव बंद झाली की आजारी माणूस, अडलेली बाई काहिलीत बसवायची आणि चार पट्टीचे पोहणारे चार कड्यांना धरून पैलतीराला न्यायचे. आमच्या भागात पुराच्या दिवसांत काहील ही होडीच. त्यामुळे काहिलीत बसून नदी ओलांडायची कल्पना माझी नव्हे. पोहणाऱ्यांना वगळून तिला वावडी बांधायची, एवढाच माझा अक्कलहुशारीचा भाग.

वावडी म्हणजे मोठा पतंग, शहरातल्या चिटुकल्या कागदी पतंगांचा थोरला चुलता. आषाढाचं वारं सुटलं की आमच्याकडे वावड्या चढायच्या आणि नागपंचमीनंतर उतरायच्या. मेढ्याचा मामा दरवर्षी येताना डोंगरातले चिवट बांबू आणायचा. त्याच्या कामट्या काढायच्या, सिमेंटच्या पोत्यांचा कागद ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवायचा, आईच्या जुन्या लुगड्याचं शेपूट लावायचं. माथ्याला वाकवलेल्या कामटीवर ताणून शिंदीच्या पानाची पट्टी बांधायची; तिला आम्ही भुंगा म्हणायचो. वारं भरलं की भुंगा असा घुमायचा, की तात्या मळ्यातून सांगायचे, "संप्याचा अभ्यास चाललाय जोरात."

वावडी माझी म्हणायची, पण उडवायची अक्का. चारचौघांत पोरीच्या जातीनं दोर धरायचा नाही, म्हणून पुढं मी उभा असायचो छाती काढून, आणि मागं उसाच्या आडोशाला दोर असायचा तिच्या हातात. तिच्या हाताला वारा कळायचा. कधी ढील द्यायची, कधी ताणायचं, हे ती डोळे मिटूनसुद्धा करायची. आणि तिची एक खूण होती. दोर दोनदा झटकन ओढून सोडला की वावडी दोनदा मान वाकवायची, नंदीबैलासारखी. त्याचा अर्थ, मी इथं आहे. मी शेताच्या कुठल्याही टोकाला असलो तरी वावडी दोनदा वाकली की मला कळायचं, अक्का कुठं आहे आणि खायला काय आहे.

मग अक्काचं लग्न झालं. नदीच्या पलीकडे, बरोब्बर समोरच्या गावात. सासरा फौजेतून सुभेदार होऊन आलेला, मिशीचा आणि शब्दाचा पक्का. आमच्या ओट्यावरून तिच्या सासरचं चिंचेचं झाड दिसायचं. लग्नात सगळे म्हणाले, पोर डोळ्यासमोरच दिली. डोळ्यासमोर असणं आणि हाताशी असणं यात एक नदी मावते, हे कोणी म्हणालं नाही. आषाढात मी एकट्यानं वावडी चढवली. पश्चिमेचं वारं तिला पाण्यावर नेऊन थेट पैलतीरावर उभं करायचं. मी दोनदा वाकवायचो. पलीकडच्या पाणवठ्यावर एक तांबडा ठिपका घागर खाली ठेवायचा आणि हात वर करायचा. एवढंच. तेवढ्यासाठी मी रोज शाळा बुडवायचो, हे तात्यांना निकालापर्यंत कळलं नाही.

पंचमी आली. लग्नानंतरची अक्काची पहिली पंचमी. आमच्याकडे पंचमीला लेक माहेरी येते, आणि तिला आणायला भाऊ जातो, मुराळी म्हणून. मुराळ्याचा थाट निराळा. त्यानं डोक्यावर खाऊची बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन जायचं, त्याला पाटावर बसवायचं, बहिणीनं भावासाठी आदल्या दिवशी उपास धरायचा. मी पहिल्यांदाच मुराळी होणार होतो. आरशात बघून टोपीचा कोन ठरवून झाला होता. आई आठवडाभर आधीपासून ज्वारीच्या लाह्या फोडत होती; तडतड तडतड आवाज आणि घरभर भाजक्या धान्याचा वास. तिनं शेंगदाण्याचे लाडू वळले, हिरव्या खणाची घडी केली, अक्काच्या बांगड्यांचं माप सुतळीला गाठ मारून ठेवलं होतं ते काढून नव्या बांगड्या आणवल्या. दोरीचा झोपाळा आंब्याला बांधून घेतला. आणि नदीला पाणी आलं.

पूर नव्हता म्हणण्याइतका, पण नाव बंद. सांगलीच्या पुलावरून वळसा घालावा तर मधले ओढे रस्त्यावर आलेले, एसटी बंद. तात्यांनी पोहणाऱ्या गड्यांना विचारलं. ते म्हणाले, पाण्याला ओढ लय, आठ दिवस थांबा. तात्या घरात येऊन टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "ह्या वक्ताला न्हाई जमायचं. दिवाळीला आनू."

भरलेली बुट्टी आईनं फडक्यानं झाकली आणि तिच्याजवळ बसून राहिली, जशी काही बुट्टीच लेक होती. बराच वेळ. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही. ते बघून मी बाहेर पडलो आणि बाळगोंडाकडे गेलो.

बाळगोंडा म्हणजे शेजारच्या जैन पाटलांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. दिवस मावळायच्या आत जेवणारा, मुंगीला वळसा घालून चालणारा, आणि माझ्या सगळ्या उद्योगांचा एकमेव साक्षीदार. काहील सुलटी करताना त्यानं आधी वाकून तिच्याखाली किडा-मुंगी आहे का ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"संपत, त्यांची सोय झाली. तुझं काय?"

"वारं पच्चिमेचं हाय. वावडी वडनार, काईल जानार. त्यात काय हाय एवढं?"

"आन् थांबायचं झालं तर? सोडनार कसं?"

"सोडायचं कशाला? सोडली तर हातची जाईल की!"

"दोर कुटं बांदलास?"

मी सदरा वर करून दाखवलं. दोराचं एक टोक काहिलीच्या कडीला, आणि उरलेला दोर सुटू नये म्हणून माझ्या कमरेला, चांगल्या तीन गाठी मारून. बाळगोंडानं हात जोडले. मला वाटलं, माझ्या धाडसाला. तो पुटपुटत होता ती प्रार्थना होती, हे मला वीस वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात कळलं.

ऋतुजाचा मास्तर म्हणे रोज सकाळी विचारतो, सुटायची कडी कुठं आहे, हात लावून दाखवा. कमरेच्या पट्ट्याला लाल कडी असते, ती ओढली की पतंग मान टाकतो. मला कोणी हात लावून दाखवायला सांगितलं असतं तर मी तीन गाठी दाखवल्या असत्या, आणि वर अभिमानानं.

दुपार होती. मी बुट्टी काहिलीत ठेवली, घरातून ती कशी उचलली ते इथं लिहीत नाही, आई समोर नसली तरी लाज वाटते. बाळगोंडानं वावडी उंच धरून सोडली. ती गेली वर, भुंगा घुमला, दोर ताठ झाला आणि काहील जागची हलली. पहिले शंभर हात मी राजा होतो! पाणी सळसळत बाजूला होत होतं, काठावरच्या बाभळी मागं पळत होत्या, मी टोपी सावरून बसलो होतो. मग माझ्या लक्षात आलं की काहिलीला बूड गोल असतं. ती पुढं जायची सोडून भोवऱ्यासारखी फिरायला लागली. प्रत्येक फेऱ्याला दोर मला गुंडाळायला लागला. आधी हात गेले, मग मान. आमचं गाव, अक्काचं गाव, आमचं गाव, अक्काचं गाव, असं सगळं डोळ्यांपुढून आलटून पालटून जायला लागलं, आणि दर फेऱ्याला दोन्ही गावं वरच्या अंगाला सरकत होती, कारण वारा एकीकडे नेत होता आणि नदी दुसरीकडे. मी देवाचं नाव घ्यायचं ठरवलं, पण तोंडातून निघालं, "अक्काऽऽ!"

पैलतीर आला हे मला काहील थांबली म्हणून कळलं. काहील चिखलात रुतली. मी नाही. कडीची गाठ सुटली, कमरेच्या तीन सुटल्या नाहीत. वावडीनं मला काहिलीतून उपटला, चिखलातून काठावर घेतला, काठावरून भुईमुगात. एका काकरीतून दुसऱ्या काकरीत मी शेंगा उपटत चाललो होतो, बिनमजुरीचा. टोपी गेली, सदरा गेला, चड्डीचं जाऊ दे. समोर पाणवठ्याच्या वाटेवर बाया उभ्या होत्या. आणि त्यातली एक कासोटा आवळून धावत आली, माझ्या अंगावरून उडी मारून पुढं गेली, दोर धरला, आणि चपळाईनं बाभळीच्या बुंध्याला तीन वेढे दिले. वावडी हिसका देऊन जागच्या जागी उभी राहिली. मीही उभा राहिलो.

अक्कानं माझ्याकडे आधी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, सगळं आहे की नाही मोजल्यासारखं. मग एक सणसणीत ठेवून दिली.

"मुडद्या! तुझ्यासाटी सकाळधरनं नुसत्या पान्यावर हाय मी! उपास धरलाय तुझा! आन् तू ह्यो आसा?"

"मग लागू पडला की उपास," मी म्हणालो. दुसरी बसली.

आणि मग तिनं मला पोटाशी धरलं, चिखलासकट. तिच्या काखेत काहीतरी टणक लागलं. बघतो तर गठुडं. बांधून तयार. वावडी पाण्यावर आलेली तिनं लांबून ओळखली होती. भुंग्याचा आवाज वाऱ्याबरोबर थेट तिच्या दारात गेला होता. मुराळी आला म्हणून ती लुगडी बांधून, सासूच्या पाया पडून, गठुडं घेऊनच निघाली होती.

मागून सुभेदार आले. हातात काठी, पायात अजून फौजेचे बूट. त्यांनी वावडी बघितली, दोर बघितला, लांब खाली चिखलात रुतलेली काहील बघितली. भुईमूगही बघितला, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत.

"नदी तू क्रॉस केलीस? या सामानावर?"

"व्हय मामा. अक्काला न्यायला आलोय. मुराळी हाय मी."

"शाब्बास." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जाताना कुनीबी जातंय, जवान. वापसीचा बंदोबस्त काय?"

मी मागं वळून बघितलं. वारा माझ्या तोंडावर येत होता. नदीवरून, आमच्या गावाकडून, सरळ माझ्या तोंडावर. तो सकाळपासून तसाच होता, आणि पंचमी होऊन पंधरा दिवस तसाच राहणार होता. वावडी पूर्वेकडे आभाळात ताठ उभी होती. तिला घराकडे तोंड करायचंच नव्हतं. अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिला वारा माझ्याआधी कळायचा. पण त्या दिवशी, गठुडं काखेत असताना, तिलाही तो आत्ताच कळला.

"थांबा," मी म्हणालो, "कायतरी करतो." पण करण्यासारखं काय असणार! मी नुसतं चिखलाचं बुजगावणं होतो.

ऋतुजानं काल फोनवर दुसरा नियम सांगितला. "आबा, वारा जमिनीकडून समुद्राकडे असला तर पाण्यात उतरायचंच नाही. जाताना मजा वाटते, पण तो परत आणत नाही." मी म्हणालो, हो, बरोबर. तेवढंच म्हणालो. सगळं फोनवर बोलता येत नाही.

घरी येऊन ओसरीवर अक्कानं गठुडं सोडलं. गाठ घट्ट बसली होती, ती तिनं दातानं सोडली. एकेक लुगडं पुन्हा खुंटीवर ठेवलं, घाई न करता. सासू चांगली बाई, ती चुलीपुढून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं पोरी, भाऊ तर आला न्हवं?" अक्का व्हय म्हणाली. काहिलीतून आणलेल्या बुट्टीतल्या लाह्यांचा भिजून लगदा झाला होता, लाडू फुटले होते. बांगड्या मात्र शाबूत होत्या. त्या तिनं तिथंच हातात भरल्या आणि मग एकदम तिचा चेहरा बदलला.

"संप्या, आईला ठाव हाय तू आल्याला?"

मी मान खाली घातली.

"म्हंजे तिनं फकस्त काईल जाताना बघितली आसल." तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सरळ सुभेदारांपुढं जाऊन उभी राहिली. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची ती रीत नव्हे. "मामंजी, मला वावडी वाकवायची हाय."

सुभेदारांना एवढंच कळलं की निरोप द्यायचा आहे. फौजेतल्या माणसाला तेवढं पुरतं. "सिग्नल हाय का? दे मग. वेळ नगं लावू."

पुन्हा काठावर, भर गावासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, अक्कानं पुढं उभं राहून दोर धरला. बाभळीचे वेढे सोडले, आधी ढील दिली. पैलतीरावर आता माणसं जमली होती, मुंग्यांएवढी. त्यात आई कोणती ते कळत नव्हतं. वावडी आमच्या मागं, उसाच्या वर, आणखी लांब गेलेली. वारा तिकडून इकडे, त्यामुळे भुंगा आईला ऐकू जाणार नव्हता. फक्त दिसणार होतं, दिसलं तर. अक्कानं दोर ओढला, सोडला. वावडी वाकली. पुन्हा ओढला, सोडला. पुन्हा वाकली. मग ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून दोनदा. "ही माझी," ती म्हणाली. "आदीची तुझी."

पलीकडचं मला बाळगोंडानं नंतर सांगितलं. आई काठावर उभी होती, कोणाशी बोलत नव्हती, तात्या गड्यांना हाका मारत होते. वावडी वाकली तशी आई मटकन चिखलातच बसली. बोटं मोजल्यासारखी चार वेळा मिटली. आणि म्हणाली, "दोघंबी हाईत." मग जरा वेळानं, "आलं न्हाई कुनी. पर हाईत."

त्या वर्षी पंचमीची दिंडं मी अक्काच्या सासरी खाल्ली. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं वाफेवर उकडायची आणि वर तुपाची धार. सासूनं मला सात वाढली, मी सातही खाल्ली. दुःखाचा माझ्या भुकेवर कधीच परिणाम झालेला नाही. अक्का बायांबरोबर वारुळाला गेली, फेर धरला, हसलीसुद्धा. आमच्या आंब्याचा झोपाळा मात्र तसाच राहिला. पाणी उतरून नाव सुरू झाल्यावर मी एकटाच घरी आलो. पंचमी सरली होती, आता लेकीला न्यायचं निमित्त नव्हतं. तात्यांनी मला मारलं नाही. गुऱ्हाळ लागेपर्यंत रोज सकाळी काहील राखेनं घासायला लावली. आई झोपाळ्याची दोरी सोडत होती, तिनं वळूनही बघितलं नाही. फक्त म्हणाली, "जेवलास का?"

पुढं पूल झाला. मी नोकरीनिमित्त साताऱ्यात गेलो आणि तिथलाच झालो. तरी दर पंचमीला मी अक्काला आणली, नावेनं, एसटीनं, मग स्वतःच्या गाडीनं. आई होती तोवर. प्रत्येक वेळी आई अक्काला उंबऱ्यात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि म्हणायची, "एक ऱ्हायलीच गं." कोणती, ते आम्ही दोघंही विचारायचो नाही. आता पुलावरून अक्काच्या गावाला आमच्या गावातून दहा मिनिटं लागतात, आणि अलीकडच्या काठावर तिची वाट बघणारं कोणी उरलेलं नाही. साताऱ्यात वारा भरपूर आहे, पठारावर पवनचक्क्या दिवसभर फिरतात. पण तिथं वाऱ्याच्या पलीकडे माझं कोणी राहत नाही.

हे लिहिता लिहिता परवा अक्काकडे जाऊन आलो. तिला आता नीट चालवत नाही, ओसरीवरच्या खुर्चीत बसून असते. तिथंच ऋतुजाचा फोन आला, चित्र दिसणारा. मैत्रिणीनं वाळूतून धरला होता. लांब पाण्यात आमची पोर, ठिपक्याएवढी, आणि तिच्यावर आभाळात तांबडा पतंग. अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"कमरंला बांदलंय का रं हिनं?"

"बांधलंय. पण सुटायची कडी आहे त्याला."

"मग ठीक." ती बराच वेळ बघत राहिली. मग फोनमध्ये ओरडली, "पोरी, दोनदा वाकीव! दोनदा!"

"अक्का, तिला नाही ऐकू जात. वारा आहे तिथं."

"तुला तरी कवा ऐकू गेलं," ती म्हणाली, आणि नजर काढली नाही.

पतंग डगमगला. एका अंगाला कलला, खाली आला, पाण्याला टेकतो न टेकतो तोच पुन्हा वर गेला.

"एक," अक्का म्हणाली.

तिनं फोन आणखी घट्ट धरला. दोन्ही हातांनी, दोर धरल्यासारखा. आम्ही दोघं दुसऱ्याची वाट बघत बसलो.